जाड, तिरका आणि बिनसेरिफचा: ‘आय’चं बटण दाबलं आणि अक्षरं घसरली

तिरपी_रेघ

मंडळी, मदत हवी आहे. मी डिझायनर नाही, हौशी आहे. धावण्याच्या एका स्पर्धेचं बोधचिन्ह आणि फलक करायचं काम गळ्यात पडलंय. आयोजकांची मागणी एकच: ‘अक्षरांत वेग दिसला पाहिजे.’ मी एक चांगला भरभक्कम सॅन्स-सेरिफ (रेघांच्या टोकांना शेपट्या नसलेला) फॉन्ट निवडला. त्याला तिरकं रूप नव्हतं, म्हणून सॉफ्टवेअरमधलं ‘आय’चं, म्हणजे इटॅलिकचं, अक्षरं तिरकी करणारं बटण दाबलं. पडद्यावर झकास दिसलं. काल सहा फुटी नमुना छापून आला आणि धसकाच बसला. रोमन ‘एस’ उताणा पडलाय, ‘ओ’ म्हणजे चेंगरलेलं अंडं, आणि ‘ए’चे दोन पाय दोन वेगळ्या माणसांचे वाटतात. पडद्यावर यातलं काहीच जाणवलं नव्हतं.

प्रश्न असे: बटणानं तिरका केलेला फॉन्ट आणि मुळातच तिरका काढलेला फॉन्ट यांत नेमकं काय वेगळं असतं? किती अंश तिरकं करावं? वेग दाखवण्यापलीकडे हा जाड-तिरका प्रकार लोक वापरतात कुठे? आणि फलकावर खाली एक मराठी ओळही आहे, तिचं काय करू?

वक्ररेषा

उताणा ‘एस’! याहून नेमकं वर्णन मला सुचलं नसतं. फॉन्ट काढणं हाच माझा धंदा, म्हणून जरा लांबण लावतो.

बटण काय करतं? अक्षरातला प्रत्येक बिंदू जितका उंच, तितका उजवीकडे सरकवतं. बस. आडवी मापं जशीच्या तशी राहतात. पण डोळा रेघेची जाडी आडवी मोजत नाही, रेघेला काटकोनात मोजतो. तिथे घोळ होतो.

तुमचा ‘ए’ घ्या. समजा दोन्ही पाय उभ्या रेषेपासून २० अंश कललेले आहेत आणि दोन्हींची जाडी १०० युनिट (फॉन्टात अक्षरं मोजायचं माप). आता १२ अंशांनी तिरकं करा. डावा पाय आधीच उजवीकडे झुकलेला, तो आणखी झुकून ३० अंशांवर जातो आणि त्याची जाडी ९२ वर येते. उजवा पाय जवळजवळ उभा राहतो आणि १०५ होतो. हेच ते तुमचे दोन वेगळ्या माणसांचे पाय. तरी ‘ए’ बऱ्यापैकी निभावतो, कारण रोमन लिपीत ‘ए’चा डावा पाय बारीक आणि उजवा जाड ही जुनी सवय आहे. खरी गोची गोल अक्षरांची. एकसारख्या जाडीचा गोल ‘ओ’ १२ अंश तिरका केला, की वरचा उजवा आणि खालचा डावा कोपरा साधारण ११ टक्के फुगतो, आणि समोरासमोरचे दुसरे दोन कोपरे १० टक्के सुकतात. बारीक फॉन्टमध्ये रेघ ४० युनिटांची असेल तर ती एका जागी ४४ आणि दुसऱ्या जागी ३६ होते. आठ युनिटांचा फरक कुणाला दिसतोय? पण तुमच्यासारख्या जाड फॉन्टात रेघ १८० ची असते. ती एकीकडे २०० आणि दुसरीकडे १६२. हा फरक सहा फुटी फलकावर लपत नाही. जाड अक्षरांनाच बटण जास्त का बाधतं, त्याचं कारण हे.

‘एस’चा कणा मुळात डावीकडून उजवीकडे उतरतो. तिरकं केल्यावर तो उभा व्हायला लागतो आणि जाडही होतो, वरून टोकं फुगतात. म्हणून उताणा.

निव्वळ_वाचक

दंडवत! आता रस्त्यानं जाताना प्रत्येक पाटीवरचा ‘ओ’ बघत बसणार, त्याला जबाबदार तुम्ही.

जाडाभरडा

@वक्ररेषा, गणित मान्य. पण ‘खरं इटॅलिक’, ‘खरं इटॅलिक’ म्हणून जो गळा काढला जातो तो मला पटत नाही. सगळी अक्षरं कॅपिटल असतील तर इटॅलिकला वेगळा आकार आहेच कुठे? कॅपिटल ‘एच’ तिरका केला की तिरका ‘एच’. जाडी नीट सुधारलेली असली म्हणजे झालं. डिस्प्ले फॉन्टात, म्हणजे मथळ्या-फलकांच्या मोठ्या अक्षरांत, हस्ताक्षराची वळणं आणून कशाला नटवायचं?

खिळेजुळारी

जाडाभरडा, तुमचा मुद्दा जवळजवळ शंभर वर्षं जुना आहे, काळजी नसावी. थोडा इतिहास सांगतो. कंटाळा आला तर पुढचा प्रतिसाद गाठा.

इटॅलिक जन्माला आलं ते ठळकपणासाठीही नव्हे आणि वेगासाठीही नव्हे. व्हेनिसमध्ये अल्डस मॅनुशियस या मुद्रकानं १५०१ साली व्हर्जिलचं छोटेखानी पुस्तक छापलं, ते अख्खं इटॅलिकमध्ये. खिळे (छपाईची धातूची अक्षरं) कापले होते फ्रान्चेस्को ग्रिफोनं, त्या काळच्या सुशिक्षितांच्या भरभर लिहिलेल्या वळणावरून. गंमत म्हणजे त्यात कॅपिटल अक्षरं सरळ उभीच होती! तिरकेपणा हा इटॅलिकचा आत्मा नव्हताच, हाताचं वळण हा होता. सरळ अक्षरांची धाकटी बहीण म्हणून, एखादा शब्द उठून दिसावा म्हणून इटॅलिक वापरणं, हे नंतरचं.

सॅन्स-सेरिफची कथा वेगळी. विल्यम कॅस्लन चौथा याच्या १८१६ च्या नमुन्यात छापील सॅन्स पहिल्यांदा दिसतं आणि त्यात फक्त कॅपिटल अक्षरं आहेत. पाठीमागे हस्ताक्षराचं गोत्रच नाही. मग त्याला इटॅलिक कुठून आणणार? बहुतेकांनी सोपा मार्ग धरला, सरळ अक्षरं कलवली. यालाच ऑब्लिक म्हणतात. १९२६ मध्ये स्टॅन्ली मॉरिसन या मुद्रणतज्ज्ञानं तर लेख लिहून मांडलं, की सरळ रोमनची खरी जोडी म्हणजे नुसतं कललेलं रोमनच असावं. म्हणजे तुमचाच पक्ष. १९२७ चं फ्युचुरा आणि १९५७ चं हेल्व्हेटिका, या दोन्ही सॅन्स फॉन्टांची तिरकी रूपं याच जातीची. उलट टोकाला १९२८ चं गिल सॅन्स. त्याच्या इटॅलिकमधला छोटा ‘ए’ एकमजली होतो, म्हणजे वरची वळलेली टोपी जाते, आणि छोट्या ‘पी’ला डावीकडे बोरूच्या फटकाऱ्यासारखी एक चिमुकली शेपटी उरलेली आहे. मला तो ‘पी’ फार आवडतो. पण त्या शेपटीला जाड वजनात (वजन म्हणजे अक्षराची जाडी) जागा राहत नाही, हेही खरं.

आणि एक, १९५७ च्याच युनिव्हर्स फॉन्टमध्ये त्याच्या कर्त्यानं, फ्रुटिगरनं, नावांऐवजी आकडे दिले. ६५ म्हणजे ठळक, ६६ म्हणजे ठळक तिरका. ७५ त्याहून जाड, ७६ त्याचा तिरका. विषम उभा, सम तिरका. एवढी सुटसुटीत सोय सरसकट रूढ झाली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

जाडाभरडा

शंभर वर्षं जुना मुद्दा म्हणजे मी म्हातारा असं म्हणायचंय का तुम्हाला? :)

असो. उपयोगाबद्दल बोलतो, कारण धागाकर्तीनं तो प्रश्न विचारलाय आणि सगळे ‘ओ’च्या पोटात शिरलेत. जाड-तिरका म्हणजे वेग, हे समीकरण फार आळशी आहे. बार्बरा क्रूगर या कलावतीची कामं बघा: काळ्यापांढऱ्या फोटोवर लाल पट्टी आणि पट्टीत पांढऱ्या अक्षरांत फ्युचुरा बोल्ड ऑब्लिक. तिथे कोण धावतंय? कुणी नाही. ती अक्षरं तुमच्या अंगावर येतात, बोट रोखून बोलतात. पुढे सुप्रीम या कपड्यांच्या ब्रँडनं तोच लाल-पांढरा थाट उचलला.

दुसरं उदाहरण अमेरिकन कॉमिक्सचं. फुग्यातला संवाद साध्या सॅन्स कॅपिटलमध्ये असतो आणि ज्या शब्दावर पात्र जोर देतं तो जाड-तिरका. वाचताना आपसूक आवाज चढतो. म्हणजे तिरकेपणा हा बोलण्याचा हेल आहे. उभं जाड अक्षर घोषणा करतं, तिरकं जाड अक्षर आवाज टाकतं. नाइकीच्या जुन्या बोधचिन्हातली फ्युचुरा बोल्डची तिरकी अक्षरं वेगाच्या खात्यात जातात, हे मान्य. पण खाती दोन आहेत.

अनुस्वार

+१. हेल हा शब्द आवडला.

अंशांचं कुणीतरी सांगा ना. मी सरसकट १५ ठेवते आणि कधी छान दिसतं, कधी वारा लागल्यासारखं.

वक्ररेषा

सरसकट आकडा नसतो म्हणूनच. मजकुराच्या फॉन्टात ८ ते १२ नेहमीचं, हेल्व्हेटिका १२ वर आहे. डिस्प्लेमध्ये, विशेषतः खेळांच्या बोधचिन्हांत, १५ ते १८ पर्यंत खुशाल जातात. २० च्या पुढे अक्षर पळत नाही, पडतं.

पण अंशांपेक्षा अक्षराची रुंदी बघा. ७०० युनिट उंच अक्षर १० अंश कललं की माथा पायापेक्षा १२३ युनिट पुढे जातो. अक्षर ३०० रुंद असेल तर हा सरकाव त्याच्या रुंदीच्या चाळीस टक्क्यांहून जास्त झाला. तेच ७०० रुंद असेल तर जेमतेम सतरा-अठरा टक्के. म्हणून अरुंद, उंच फॉन्टाला १० सुद्धा पुष्कळ होतात आणि पसरट फॉन्ट १४ वरही सुशेगाद वाटतो. अनुस्वार, तुमचा ‘वारा लागलेला’ फॉन्ट अरुंद होता का?

अनुस्वार

होता! हात जोडले.

कोडेकर

वेबवाल्यांसाठी जोडतो, कारण हाच अपघात तिथे रोज होतो आणि कुणी बटण दाबलेलंही नसतं.

पानावर ठळक-तिरकं मागितलं आणि त्या रूपाची फाइलच चढवली नसली, तर ब्राउझर गप्प बसत नाही. तो स्वतःच अक्षरं कलवतो. ठळक फाइलही नसेल तर आधी रेघा फुगवून खोटं ठळक बनवतो आणि मग ते कलवतो. माझ्या स्वतःच्या पानावर हे दुहेरी सोंग चार महिने नांदत होतं. मी फक्त साध्या वजनाची फाइल चढवली होती आणि मथळे बघून ‘फॉन्टच जरा बेंगरूळ आहे’ म्हणत होतो. दोष फॉन्टचा नव्हताच. सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) ‘फॉन्ट-सिंथेसिस’ला ‘नन’ दिलं की ही नक्कल बंद होते आणि चूक लगेच उघडी पडते. मी आता पहिल्या दिवशी तेच करतो.

व्हेरिएबल फॉन्ट २०१६ मध्ये आले, तेव्हापासून जाडी आणि कल दोन्ही सरकपट्टीवर मिळतात. कलाच्या अक्षाचं नाव ‘स्लँट’. त्यात एक खोच आहे: उजवीकडे कलवायचं तर आकडा उणे द्यावा लागतो. उणे १२ म्हणजे पुढे झुकलेलं. कारण कोन घड्याळाच्या उलट दिशेनं मोजतात. मी पहिल्यांदा अधिक १२ दिले आणि सगळी अक्षरं ब्रेक लावल्यासारखी मागे रेलली.

तिरपी_रेघ

बाप रे, एका दिवसात एवढं! सगळ्यांचे आभार. मग आता मी काय करू? फॉन्ट बदलू, की आहे तोच दुरुस्त करू?

वक्ररेषा

शब्द एकच असेल तर दोन्ही मार्ग आहेत.

सोपा मार्ग: तिरकं रूप ज्यात मुळापासून काढलंय असा फॉन्ट घ्या. मुक्त परवान्यात कॅनिटची जाड तिरकी वजनं आहेत, मॉन्सेरातचं ब्लॅक इटॅलिक आहे, अरुंद हवं तर बार्लो कंडेन्स्ड. फुगाझ वन आणि रेसिंग सॅन्स वन हे तर जन्मतःच तिरके, त्यांना उभं रूपच नाही. मात्र या शेवटच्या दोघांचा नखरा एवढा आहे की शब्दापेक्षा फॉन्टच लक्षात राहतो.

कष्टाचा मार्ग: अक्षरांचं आउटलाइन करा, म्हणजे त्यांच्या कडा सुट्या रेषा होतील, आणि हातानं सुधारा. आम्ही फॉन्ट काढताना पूर्ण कल एका दमात देत नाही. गोल अक्षरं थोडी कलवायची आणि थोडी फिरवायची, म्हणजे जाडी कमी बिघडते. ग्लिफ्स या फॉन्ट काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये याच मिश्रणाचं ‘कर्सिव्हाय’ नावाचं बटण आहे, आणि तेही काम अर्धवटच करतं. कल दिल्यावर वक्राचे बिंदू टोकाच्या जागा सोडून सरकलेले असतात, ते परत टोकावर आणायचे. मग ‘ओ’चा फुगलेला वरचा-उजवा खांदा आतून खरवडायचा आणि सुकलेला डावा भरायचा. बाहेरच्या कडेला शक्यतो हात लावू नका, पोटाच्या, म्हणजे आतल्या पोकळीच्या, आकारावर काम करा. जाड अक्षरात पोट एवढंसं असतं, त्यामुळे पाच-सहा युनिटही लगेच दिसतात. ‘एस’ला अख्खी दुपार ठेवा. मी इतकी वर्षं हे करतोय, माझीही जाते.

खिळेजुळारी

अंतराचंही बघा. कललेल्या अक्षरापुढे सरळ कंस किंवा उद्गारचिन्ह आलं की डोकं आपटतं.

जाडाभरडा

आणि दोन ओळी एकाखाली एक ठेवणार असाल तर डाव्या कडा उभ्या सरळ रेषेत लावू नका. तिरक्या अक्षरांची डावी कड उभी ठेवली की जिना दिसतो. खालची ओळ कलाच्याच रेषेत डावीकडे सरकवायची. १२ अंशांना हिशोब सोपा आहे: ओळींमधलं अंतर १०० असेल तर २१ नं सरकवा. मागे रंगीत पट्टी असेल तर तिच्या बाजूही त्याच कोनात कापा. पट्टी १५ अंश आणि अक्षरं १२, असं झालं की कुठे काय चुकलंय ते कळत नाही आणि डोळा मात्र टोचत राहतो. फसलेल्या फलकांपैकी निम्म्यांत मला हेच सापडतं.

पोकळवेलांटी

रोमनची सरबराई झाली, आता मराठी ओळीकडे वळू या का?

देवनागरीला इटॅलिकची परंपराच नाही. मंगलसारख्या सगळ्यांनी वापरलेल्या फॉन्टालाही तिरकं रूप नाही. वर्डमध्ये दिसतं ते बटणाचंच. आणि बटण देवनागरीत जास्त नुकसान करतं, कारण आपल्या अक्षरांना वरखाली पाहुणे असतात. ‘अर्जुन’ लिहून बघा. त्यात ‘ज’च्या डोक्यावर रफार, पायाशी उकार. दोघांत उभं अंतर हजार युनिट धरलं तर १२ अंशांच्या कलानं रफार आणि उकार एकमेकांपासून आडवे २१३ युनिट फाकतात. रफार पुढच्या ‘न’कडे डोकावतो आणि उकार मागे ‘अ’च्या कान्याखाली शिरतो. जाड वजनात आधीच दाटी, त्यात ही ढकलाढकल.

शिवाय शिरोरेखा. ती आडवीच्या आडवी राहते, फक्त खालचे काने कलतात. दोरीवर कपडे वाळत घातलेत आणि वारा सुटलाय असं दिसतं. माझं मत: मराठी ओळ उभीच ठेवा. जाड, घट्ट, उभी. वेग वरच्या शब्दात आहे तेवढा पुरे.

वक्ररेषा

एवढं कडक नको. पॉपिन्समध्ये रोमनसोबत देवनागरीही आहे, आणि नऊही वजनांना तिरकी जोडी आहे. एखाद्या ओळीपुरतं ते चालून जातं. मी करायचो झालो तर देवनागरीला रोमनपेक्षा कमी कल देईन, ८ च्या आसपास, आणि रफार, अनुस्वार, उकार कलानंतर हातानं परत आपापल्या अक्षराशी आणून बसवीन. आपल्या लिपीचा जाड-बारीकपणा मुळात उलट्या कापाच्या बोरूचा, त्यामुळे कोणत्या खांद्यावर मांस चढवायचं हेही रोमनवरून आंधळेपणानं उचलता येत नाही.

वारा सुटल्याची उपमा मात्र चोख आहे, मी चोरणार.

पोकळवेलांटी

चोरा. पण ‘परत आणून बसवीन’ हे तुम्ही करणार, हौशी माणूस नाही. म्हणून म्हटलं उभी ठेवा.

अवांतर: फॉन्ट कुठलाही घ्या, ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येताहेत ना तेवढं बघा. काही फॉन्टात भाषा मराठी निवडल्याशिवाय ते येत नाहीत.

निव्वळ_वाचक

एक वाचक म्हणून विनंती. स्पर्धेच्या सूचना, मार्ग, वेळा वगैरे या फॉन्टात छापू नका. सगळंच ओरडून सांगितलं की काहीच ऐकू येत नाही. आमच्या घरात डिस्लेक्सिया (वाचायला अडचण येण्याची स्थिती) आहे, त्यामुळे हे अनुभवाचं आहे. ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशनच्या मार्गदर्शिकेतही इटॅलिक टाळा आणि जोर द्यायला ठळक वापरा असंच म्हटलंय. जाड-तिरका चार शब्दांपर्यंत ठीक, पुढे साधा उभा सॅन्स.

तिरपी_रेघ

सूचनाही त्याच फॉन्टात टाकल्या होत्या, कबूल करते. काढल्या.

तिरपी_रेघ

अपडेट: फॉन्ट बदलला, कॅनिटचं जाड तिरकं रूप घेतलं. आधीचा आणि आताचा ‘एस’ एकावर एक ठेवून पाहिला. जुना कण्यावर जाड आणि टोकाशी फेंगडा, नवा सगळीकडून एकाच वजनाचा वाटतो. मोजलं तर तो एकसारखा नाहीच, ठिकठिकाणी कमीजास्त केलेला आहे! मराठी ओळ उभी ठेवली. पट्टीच्या बाजू अक्षरांच्या कोनात कापल्या. आयोजक खूश आहेत, पण ‘तरी काहीतरी अडखळतंय’ म्हणाले. मलाही वाटतंय, सापडत नाही. चित्र जोडलंय, बघा.

अनुस्वार

फलकावरची धावपटू डावीकडे पळतेय. अक्षरं उजवीकडे झुकलीत. दोघांची टक्कर होणार आहे.

जाडाभरडा

आणि आम्ही आठवडाभर ‘ओ’चे खांदे मोजत होतो!

तिरपी_रेघ

अरे देवा. हो की. चित्र आरशासारखं उलटवलं, आता दोघी एकाच दिशेला निघाल्यात आणि फलक खरंच सुसाट वाटतोय. फक्त तिच्या छातीवरचा क्रमांक उलटा झालाय. तो पुसून नव्यानं टाकते. जाड आणि तिरका टाकू की उभा?

खिळेजुळारी

उभा. ती स्वतः पुरेशी झुकलेली आहे.